ट्रकखाली काय होते?

एक बंदर आहे. धक्क्याला मोठी बोट लागली आहे. धक्क्याच्या पलीकडे, पायी जाता येणार नाही अशा जमिनीच्या एका तुकड्यावर, एक ट्रक उभा आहे. त्या सबंध प्रदेशात दुसरा ट्रक नाही. त्याच्याजवळ माणूस नाही, पाटी नाही, तो तिथे का आहे हे सांगणारी कसलीही खूण नाही. हा ट्रक ढकलून बाजूला केला की त्याच्याखाली एक अतिदुर्मिळ प्राणी सापडतो, अशी १९९८ नंतरच्या काही वर्षांत अमेरिकेतल्या असंख्य शाळकरी मुलांची खात्री होती.

हे बंदर कोणत्याही भूगोलाच्या पुस्तकात सापडणार नाही. ते आहे ‘पोकेमॉन’ नावाच्या व्हिडिओ गेममध्ये. आपल्याकडच्या मुलांना पोकेमॉन माहीत झाला तो मुख्यतः दूरचित्रवाणीवरच्या कार्टूनमधून. पण कार्टूनच्या आधी खेळ होता, आणि खेळाबरोबर वदंता होत्या. काही वदंता त्या खेळात दडलेल्या गोष्टींबद्दल होत्या, तर काही येऊ घातलेल्या त्याच्या दुसऱ्या भागाबद्दल. त्यांतल्या काही साफ खोट्या निघाल्या, काही अर्धवट खऱ्या निघाल्या आणि एक-दोन तर कोणी कल्पनाही केली नसेल अशा रीतीने खऱ्या ठरल्या.

खेळातल्या अफवांना या मासिकात जागा कशाला, असे काही वाचकांना वाटेल. आमचे उत्तर असे की, ‘हे खरे कशावरून?’ हा प्रश्न मुलांनी मोठ्यांच्या मदतीशिवाय, वर्षानुवर्षे, तळमळीने लढवल्याची इतकी चांगली नोंद झालेली उदाहरणे थोडी आहेत. शिवाय आज, जवळजवळ तीन दशकांनंतर, त्या प्रश्नांची उत्तरे आपल्या हातात आहेत. कोण बरोबर होते, कोण चूक होते आणि मुख्य म्हणजे का, हे आपल्याला तपासता येते. विज्ञानाच्या इतिहासातही अशी सोय क्वचितच मिळते.

खेळ आणि त्याची पेटी

‘पोकेमॉन’चे ‘रेड’ आणि ‘ग्रीन’ हे पहिले दोन खेळ जपानमध्ये २७ फेब्रुवारी १९९६ रोजी विक्रीला आले. ते ‘गेम फ्रीक’ या छोट्या कंपनीने तयार केले आणि ‘निन्टेंडो’ने प्रसिद्ध केले. गेम फ्रीकचे संस्थापक सातोशी ताजिरी यांना लहानपणी किडे गोळा करण्याचा नाद होता. शेतात-तळ्याकाठी हिंडून किडे पकडायचे, मित्रांशी अदलाबदल करायची, ही मजा शहरातल्या मुलांना खेळातून मिळावी ही त्यांची कल्पना. खेळणारा एका मुलाची भूमिका घेतो, गावोगाव हिंडतो, काल्पनिक प्राणी पकडतो, वाढवतो आणि त्यांच्या झुंजी लावतो. खेळणाऱ्याने एखाद्या पात्राची भूमिका घेऊन कथेतून पुढे जायचे अशा खेळांना भूमिका-खेळ म्हणता येईल. या प्रकारातल्या आजवरच्या सर्वांत गाजलेल्या खेळांपैकी हा एक.

ज्या यंत्रावर तो खेळला जाई ते ‘गेम बॉय’ १९८९ सालचे. पडदा उभा-आडवा मिळून १६० गुणिले १४४ ठिपक्यांचा, रंग म्हणजे एकाच रंगाच्या चार छटा, आणि काम करताना आकडे तात्पुरते टिपून ठेवायला ८ किलोबाइट स्मृती. खेळ स्वतः एका कार्ट्रिजमध्ये असे. जपानी ‘रेड’ आणि ‘ग्रीन’चा सबंध प्रोग्राम, म्हणजे चित्रे, संगीत, गावे, संवाद, सगळे मिळून ५१२ किलोबाइटमध्ये मावलेले होते. आज मोबाइलवर काढलेला एक फोटोसुद्धा बहुधा याहून जास्त जागा घेतो.

कार्ट्रिजमधली प्रोग्रामची स्मृती फक्त वाचता येण्याजोगी असते, हा मुद्दा पुढे कामाला येणार आहे. कारखान्यातून जे लिहून आले ते आले. त्यात घरी बसून भर घालता येत नाही आणि निर्मात्यालाही दुरून बदल करता येत नाही. खेळात मुलाने केलेली प्रगती, म्हणजे कोणते प्राणी पकडले, कोठवर पोहोचलो, एवढेच काय ते वेगळ्या छोट्या स्मृतीत साठवले जाई. म्हणजे हे एक बंद, सान्त जग होते. त्यात काय आहे आणि काय नाही याचे पक्के उत्तर अस्तित्वात होते. फक्त ते खेळणाऱ्याला दिसत नव्हते.

एक खरे गुपित

खेळाच्या यादीत १५० प्राणी आहेत, असे सर्वांना सांगितलेले होते. प्रत्यक्षात १५१ होते.

त्याची हकीकत अशी. खेळ पुरा होत आला, तेव्हा चुका शोधण्यासाठी प्रोग्राममध्ये घातलेली मदतीची साधने काढून टाकण्यात आली. त्यामुळे सुमारे ३०० बाइट जागा मोकळी झाली. गेम फ्रीकमधले प्रोग्रामर शिगेकी मोरिमोतो यांनी त्या जागेत आणखी एक प्राणी घालून ठेवला. त्याचे नाव ‘म्यू’. तपासणी संपलेल्या प्रोग्रामला हात लावणे हा खरे तर धंद्यातला मोठा अपराध. पुढे अनेक वर्षांनी एका प्रसिद्ध झालेल्या मुलाखतीत मोरिमोतो यांनीच सांगितले, की आजच्या काळात असे करण्याचा विचारही कोणी करणार नाही. म्यू खेळात कोठेही भेटणार नाही, अशीच योजना होती. पण प्रोग्राममधल्या दोषांमुळे तो काही मुलांच्या पडद्यावर अवतरला आणि बातमी कर्णोपकर्णी पसरली.

निर्मात्यांनी ही संधी साधली. मुलांच्या ‘कोरोकोरो’ या मासिकातून १९९६ मध्येच त्यांनी जाहीर केले, की सोडतीतून निवडलेल्या २० वाचकांना म्यू दिला जाईल. त्यासाठी सुमारे ७८,००० अर्ज आले. आधी संथ असलेला खेळाचा खप त्यानंतर झपाट्याने वाढत गेला.

या घटनेचा एक परिणाम मात्र कोणी मोजलेला नव्हता. ‘या खेळात निर्मात्यांनी लपवलेले काही आहे’ ही वदंता खरी ठरली होती, आणि एक वदंता खरी ठरली की तिच्या पुण्याईवर पन्नास खोट्या वदंता चालतात. त्यानंतर ‘असले काही नसते’ असे म्हणणाऱ्याला ‘म्यूच्या वेळीही तुम्ही हेच म्हणत होतात’ असे उत्तर तयार होते.

न हलणारा ट्रक

सप्टेंबर १९९८ मध्ये खेळाच्या ‘रेड’ आणि ‘ब्लू’ या इंग्रजी आवृत्त्या अमेरिकेत आल्या. म्यू आहे हे तिथल्या मुलांना ऐकून माहीत होते, पण तो मिळवायचा कसा हे कोणालाच ठाऊक नव्हते. इथे ट्रकची कथा जन्माला आली. ‘ताकद’ नावाची एक क्रिया खेळात आहे. ती शिकलेला प्राणी मोठमोठ्या शिळा ढकलतो. मग तो ट्रक का ढकलणार नाही? आणि ज्याचा दुसरा काहीच उपयोग नाही असा ट्रक निर्मात्यांनी ठेवला तरी कशाला?

कथा खोटी होती. ट्रक हे पार्श्वभूमीचे चित्र होते, भिंतीवर रंगवलेल्या खिडकीसारखे. ढकलता येण्याजोग्या शिळा प्रोग्राममध्ये वेगळ्या वस्तू म्हणून नोंदलेल्या होत्या. ट्रकची तशी नोंदच नव्हती. पण ही कथा इतकी वर्षे टिकली कशी, हा प्रश्न तिच्या खोटेपणापेक्षा अधिक बोधप्रद आहे.

पहिले कारण असे, की कथा पडताळून पाहणे अतिशय अवघड होते. ट्रकपर्यंत पोहोचायला पाण्यावरून जावे लागते. ती विद्या खेळात बऱ्याच उशिरा मिळते. तोवर सर्वसाधारण खेळाडूची ती बोट निघून गेलेली असते आणि धक्क्याची वाट कायमची बंद झालेली असते. म्हणून प्रयोग करायचा तर खेळ अगदी पहिल्यापासून सुरू करायचा, बोट निघणार नाही अशी युक्ती योजायची आणि मग कित्येक तास खेळून परत बंदरावर यायचे. त्यासाठी जुनी सगळी कमाई पुसून टाकावी लागे, कारण कार्ट्रिजमध्ये एकाच डावाची नोंद राहत असे. इतकी किंमत मोजायला फार थोडी मुले तयार होती.

दुसरे कारण, अपयशाला पळवाट कायम खुली होती. ट्रक हलला नाही? मग तू आधी सगळे १५० प्राणी पकडले नसशील. तुझा प्राणी पुरेसा बलवान नसेल. तू चुकीच्या बाजूने ढकललेस. प्रत्येक अपयशानंतर एक नवी अट जोडली जाई आणि मूळ कथा शाबूत राही. कोणत्याच निकालाने जी खोटी ठरू शकत नाही ती कल्पना काहीच सांगत नसते, हा कार्ल पॉपर यांचा मुद्दा बंदरावरच्या या मुलांच्या अनुभवातून जितका चटकन कळतो तितका पुस्तकातून कळत नाही.

तिसरे कारण आम्हा संशोधकांच्या चांगल्या परिचयाचे आहे. ज्यांनी मेहनत करून ट्रक ढकलून पाहिला आणि ज्यांच्या हाती काही लागले नाही, त्यांनी ते कोणाला सांगितले? ‘काहीच घडले नाही’ ही सांगण्याजोगी गोष्ट वाटत नाही. उलट ‘माझ्या मावसभावाने पाहिले’ हे वाक्य एका दिवसात सगळ्या वर्गात फिरते. नकारात्मक निकाल पेटीत पडून राहतात आणि होकारार्थी निकाल छापले जातात, ही तक्रार शास्त्रीय नियतकालिकांबद्दलही होते, आणि ती खोटी नाही.

निर्मात्यांना ही कथा ठाऊक होती असे मानायला जागा आहे. २००४ मध्ये याच खेळाची नवी आवृत्ती आली, तेव्हा त्या ट्रकशेजारी एक खाण्याची वस्तू लपवलेली आढळली. म्यू नव्हे, एक बिस्किट! आपल्या जुन्या खेळाडूंची त्यांनी केलेली ही प्रेमळ थट्टाच म्हणायची.

निळा उंदीर आणि दुसरा भाग

आता दुसऱ्या भागाकडे वळू. ‘गोल्ड’ आणि ‘सिल्व्हर’ या नावांनी येणारा हा भाग नोव्हेंबर १९९७ मध्ये जपानमधल्या ‘स्पेस वर्ल्ड’ प्रदर्शनात लोकांना थोडा खेळून पाहायला ठेवला होता. प्रत्यक्षात तो विक्रीला आला २१ नोव्हेंबर १९९९ रोजी, आणि अमेरिकेत आणखी वर्षभराने, ऑक्टोबर २००० मध्ये. म्हणजे तर्क करायला चाहत्यांना भरपूर वेळ मिळाला.

त्यांच्याकडे पुरावेही होते. १ एप्रिल १९९७ रोजी जपानी दूरचित्रवाणीवर दाखवलेल्या कार्टूनच्या अगदी पहिल्या भागात इंद्रधनुष्यावरून उडत जाणारा एक सोनेरी पक्षी दिसतो. नायक आपल्या माहितीयंत्राला विचारतो, तर यंत्राकडे त्याची नोंद नसते. १५१ जणांच्या यादीत तो नव्हताच. हा ‘हो-ओ’ होता आणि अडीच वर्षांनी तोच ‘गोल्ड’च्या वेष्टनावर झळकला. म्हणजे ‘यादीत नसलेले प्राणी येणार आहेत’ असा ज्यांनी तर्क केला, त्यांचा तर्क निरीक्षणावर आधारलेला आणि बरोबर होता.

पुढे जुलै १९९८ मध्ये जपानी चित्रपटगृहांत पोकेमॉनचा एक लघुपट आला. त्यात एक गोल निळा प्राणी होता. उंदरासारखे कान, नागमोडी शेपटी, शेपटीच्या टोकाला चेंडू. त्याची चित्रे अमेरिकेत पोहोचली, नाव मात्र पोहोचले नाही. मुलांनी त्याला स्वतःच नाव दिले, ‘पिकाब्लू’. पिकाचू हा पिवळा विद्युत-उंदीर सर्वांचा लाडका. तेव्हा हा निळा उंदीर म्हणजे पिकाचूचेच पुढचे किंवा वेगळे रूप असणार, असा निष्कर्ष निघाला. इथवर ठीक. पण लगेच पुढची पायरी आली. हा ‘पिकाब्लू’ आपल्याकडच्या ‘रेड’ आणि ‘ब्लू’मध्येच कोठेतरी दडला आहे, अशी वदंता उठली आणि तो मिळवण्याच्या कृती मुले एकमेकांना सांगू लागली.

या वदंतेचे तीन तुकडे करून पाहू. हा प्राणी अस्तित्वात आहे, हे निरीक्षण खरे होते. तो पिकाचूचा नातलग आहे, हा बाह्य साम्यावरून काढलेला निष्कर्ष होता आणि तो चुकला. पुढे कळले, की त्याचे नाव ‘मॅरिल’, तो पाण्यात राहणारा आणि पिकाचूशी त्याचा काहीही संबंध नाही. वटवाघूळ उडते म्हणून पक्षी ठरत नाही किंवा देवमासा पोहतो म्हणून मासा ठरत नाही. वर्गीकरणातली ही जुनी चूक मुलांनी इथे नव्याने केली. तिसरा तुकडा, म्हणजे तो जुन्या खेळात सापडतो, हा तर प्रयोग न करताही खोडून काढता आला असता. कार्ट्रिजची स्मृती फक्त वाचण्याची असते, हे आपण पाहिले. यादीत नसलेले, नंतर आलेल्या चित्रपटातून प्रथम दिसलेले पात्र आधीच विकल्या गेलेल्या कार्ट्रिजमध्ये घरबसल्या उगवू शकत नाही. ते तिथे असायचे तर त्याचे चित्र आणि आकडे कारखान्यातच लिहिलेले असायला हवेत. म्यूच्या वेळी नेमके तसे लिहिलेले होते आणि मॅरिलच्या वेळी नव्हते. बाहेरून दोन्ही वदंता सारख्याच दिसत होत्या. दोघींमधला फरक यंत्र कसे चालते हे ठाऊक असणाऱ्यालाच कळला असता, आणि त्यालाही मॅरिलपुरताच. म्यूबाबत त्यालाही ‘सांगता येत नाही’ असेच म्हणावे लागले असते.

अविश्वसनीय पण खरे

आता एक वेगळी वदंता पाहू. पहिल्यांदा ऐकल्यावर कोणता शहाणा माणूस तिच्यावर विश्वास ठेवील, ते सांगा.

‘व्हिरिडियन गावातल्या म्हाताऱ्याशी बोल. तो प्राणी कसा पकडायचा हे दाखवील, ते शांतपणे बघ. मग लगेच सिनाबार बेटावर उडत जा आणि पूर्व किनाऱ्याला लागून पाण्यातून वर-खाली फेऱ्या मार. एक ठिगळांचा, आकार नसलेला प्राणी समोर येईल. त्यानंतर तुझ्या पिशवीतली सहावी वस्तू एकाची एकशे एकोणतीस झालेली असेल.’

ट्रकच्या कथेत निदान काही तर्क होता. इथे तोही नाही. म्हातारा, बेट, सहावी वस्तू! मंतरलेल्या ताइताच्या जाहिरातीत शोभावी अशी ही कृती आहे. तरीही ती अक्षरशः खरी होती. कोणीही दहा मिनिटांत करून पाहावी आणि खात्री करून घ्यावी. निन्टेंडोने अमेरिकेतल्या आपल्या मासिकातून १९९९ मध्ये या विचित्र प्राण्याची दखल घेऊन खेळाडूंना सावधही केले.

याचे कारण समजून घेण्यासारखे आहे. म्हातारा प्रात्यक्षिक दाखवतो तेव्हा पडद्यावर खेळाडूच्या नावाऐवजी म्हाताऱ्याचे नाव दाखवायचे असते. म्हणून प्रोग्राम खेळाडूचे खरे नाव तात्पुरते दुसरीकडे हलवतो. स्मृती तोकडी, त्यामुळे ही ‘दुसरी जागा’ कोणती निवडली? तर ‘या भागातल्या गवतात कोणते प्राणी भेटतात’ याचे आकडे जिथे असतात ती. दुसऱ्या कोणत्याही भागात गेले की तिथे नवे आकडे लिहिले जातात आणि नाव पुसले जाते. पण सिनाबार बेटाला स्वतःचे आकडेच नाहीत, आणि त्याच्या किनाऱ्याची पट्टी, मांडणीतल्या चुकीमुळे, गवतासारखी वागते. तिथे फिरताना प्रोग्राम जुने आकडे वाचतो, म्हणजे खेळाडूच्या नावाची अक्षरे वाचतो. प्रत्येक अक्षर हा संगणकाच्या दृष्टीने एक क्रमांकच असतो. त्या क्रमांकाचा प्राणी समोर उभा राहतो.

प्राण्यांच्या अंतर्गत यादीत १९० जागा होत्या. त्यांपैकी १५१ भरलेल्या आणि ३९ रिकाम्या. अशी रिकामी जागा वाचली गेली, की पडद्यावर तो ठिगळांचा प्राणी, ‘मिसिंग-नो’, येतो. त्याच्या नावाचा अर्थच मुळी ‘क्रमांक नाही’ असा.

आणि सहावी वस्तू? एखादा प्राणी दिसला, की ‘हा पाहिला’ अशी खूण प्रोग्राम एका ठरावीक जागी करतो. या प्राण्याला धड क्रमांक नसल्याने ती खूण भलत्याच ठिकाणी पडते. ते ठिकाण म्हणजे सहाव्या वस्तूची संख्या जिथे लिहिलेली असते त्या बाइटचा सर्वांत डावीकडचा अंक. आठ अंकी द्विमान संख्येत डावीकडच्या टोकाच्या अंकाची किंमत १२८ असते. म्हणून वस्तू बरोबर १२८ ने वाढते, शंभराने किंवा दोनशेने नव्हे. द्विमान पद्धती शिकवताना स्थानिक किमतीचे याहून मजेदार उदाहरण शोधूनही मिळणार नाही.

ट्रक आणि किनारा या दोन कथा आता शेजारी ठेवून पाहा. जी पटण्यासारखी होती ती खोटी आणि जी हास्यास्पद वाटत होती ती खरी. ‘हे पटत नाही’ आणि ‘हे खोटे आहे’ ही दोन वेगळी विधाने आहेत. पटणे हे आपल्या आधीच्या समजुतींवर अवलंबून असते. ट्रक पटला, कारण तो माणसाच्या जगाचे नियम पाळत होता. जड वस्तूखाली गुपित, ही आपल्या ओळखीची गोष्ट. किनारा पटला नाही, कारण तो स्मृतीतल्या आकड्यांचे नियम पाळत होता आणि ते नियम मुलांना दिसत नव्हते. निवाडा करणारी गोष्ट एकच होती. कृती अचूक सांगता येते का, आणि ती करणाऱ्या प्रत्येकाला तेच दिसते का?

पेटी उघडली

२००३ च्या सुमारास, म्हणजे मूळ खेळ येऊन सात वर्षे झाल्यावर, मूळ कार्ट्रिजमध्ये म्यू पकडण्याची कृती खेळाडूंना सापडली. ती किनाऱ्याच्या कुळातली होती. खेळात दुरून आव्हान देणारे प्रतिस्पर्धी असतात. त्यांतल्या एकाची नजर पडायच्या नेमक्या क्षणी तिथून उडून जायचे. झुंज बाकी आहे, असे प्रोग्रामच्या लेखी राहून जाते. मग दुसऱ्या एका ठरावीक प्रतिस्पर्ध्याशी लढायचे आणि परत यायचे. प्रोग्राम बाकी राहिलेली झुंज सुरू करतो, पण कोणाशी? जो आकडा त्या जागी शिल्लक असेल त्या क्रमांकाच्या प्राण्याशी. तो आकडा म्हणजे शेवटच्या प्रतिस्पर्ध्याच्या प्राण्याचा एक विशिष्ट गुण. तो २१ असेल तर समोर म्यू येतो, कारण अंतर्गत यादीत म्यूचा क्रमांक २१ आहे. म्हणजे म्यू मिळतो असे म्हणणारी मुले अखेर बरोबर ठरली. फक्त त्याचा ट्रकशी संबंध नव्हता.

पुढे हौशी प्रोग्रामरांनी कार्ट्रिजमधला सबंध प्रोग्राम ओळ अन् ओळ उलगडून वाचण्याजोगा केला. आता ‘ट्रकखाली काही नाही’ हे वाक्य केवळ अनुभवाचे राहिले नाही, ते सिद्ध झाले. निसर्गाबाबत आपल्याला ही चैन नसते. निसर्गाचा प्रोग्राम कोणी पुरा उलगडून दिलेला नाही. म्हणून ‘अमुक नाहीच’ असे म्हणताना विज्ञानाला ‘आजवर कोठे आढळले नाही’ इतकेच म्हणून थांबावे लागते.

दुसऱ्या भागाची पेटीही उघडली. १९९७ च्या प्रदर्शनातली ती आवृत्ती मे २०१८ च्या अखेरीस बाहेर आली. तिच्यात जवळजवळ वेगळाच खेळ होता. नकाशा सबंध जपानच्या आकाराचा, आणि पहिल्या भागाचा अख्खा प्रदेश त्यात एका गावाएवढा आक्रसलेला. प्रत्यक्ष आलेल्या खेळात मात्र एक नवा प्रदेश आहे आणि तो संपल्यावर जुना प्रदेशही फिरता येतो. त्या आवृत्तीत असलेले अनेक प्राणी पुढे गाळले गेले. म्हणजे १९९७ मध्ये प्रदर्शनात खेळून आलेल्या मुलाने मित्रांना जे सांगितले ते त्या दिवशी खरे होते. दोन वर्षांनी ते खोटे ठरले. त्याला खोटारडा म्हणणे अन्यायाचे झाले असते.

पिकाचूची गोष्टही इथे पुरी करू. त्याचे चित्र प्रथम काढणाऱ्या आत्सुको निशिदा यांची मुलाखत २०१८ मध्ये एका जपानी वृत्तपत्रात आली. तीत उघड झाले, की पिकाचूच्या वंशात रायचूनंतर ‘गोरोचू’ नावाचे आणखी एक रूप मुळात योजलेले होते आणि ते खेळ पुरा होण्याआधीच वगळले गेले. पिकाचूचे आणखी एक रूप असणार, हा मुलांचा अंदाज अगदीच निराधार नव्हता तर! निळा उंदीर मात्र त्याचा पुरावा नव्हता. बरोबर निष्कर्षाला चुकीचा पुरावा जोडला जाणे हा प्रकारही विज्ञानाला नवा नाही.

मोठ्यांनी मुलांना हसू नये म्हणून आणखी एक उदाहरण. सातोरू इवाता हे पुढे, २००२ मध्ये, निन्टेंडोचे अध्यक्ष झाले. ते कसलेले प्रोग्रामर होते. ‘गोल्ड’ आणि ‘सिल्व्हर’ची चित्रे कमी जागेत बसवण्याचे साधन त्यांनी तयार केले, हे प्रसिद्ध झालेल्या मुलाखतीतून कळते. आज जाणती माणसेही ही गोष्ट अशी सांगतात, की इवातांनी एकहाती जागा वाचवली आणि केवळ त्यामुळे जुना प्रदेश दुसऱ्या भागात मावला. मुलाखतीत चित्रे दाबण्याच्या साधनाचा उल्लेख आहे. प्रदेशाचे शेपूट सांगणाऱ्यांनी मागाहून जोडले आहे. ट्रकच्या कथेला अटी जोडल्या गेल्या त्याच रीतीने.

वर्गात

आपल्या वर्गात मुले वदंता घेऊन येतात. ग्रहणात अन्न दूषित होते, नागमणी असतो, अमुक झाडाखाली झोपले तर माणूस मरतो. अशा वेळी ‘मूर्खासारखे बोलू नकोस’ म्हणून विषय संपवण्याचा मोह होतो. आम्हालाही होतो. पण त्या उत्तराने मूल एवढेच शिकते, की खरे-खोटे ठरवण्याचा अधिकार मोठ्यांकडे आहे. सिनाबारच्या किनाऱ्याची गोष्ट एखाद्या मुलाने १९९९ मध्ये शिक्षकांना सांगितली असती, तर बहुतेक शिक्षकांनी त्याला हेच उत्तर दिले असते. आणि शिक्षक चुकले असते.

त्याऐवजी मुलांकडूनच चार प्रश्नांची उत्तरे काढून घ्यावीत. तू स्वतः पाहिलेस की ऐकलेस? यातले पाहिलेले किती आणि त्यावरून काढलेले किती? काय घडले तर तू हे खोटे मानशील? आणि हे करून पाहायला काय लागेल? दोन-दोन मुलांच्या जोड्या करून प्रत्येक जोडीने एका वदंतेचे आपण ‘पिकाब्लू’चे केले तसे तुकडे करून आणावेत. काही तुकडे वर्गातच तपासता येतील, काही आधीच्या ज्ञानाने खोडता येतील आणि काहींपुढे प्रामाणिकपणे ‘ठाऊक नाही’ असे लिहावे लागेल. तिसऱ्या रकान्यात काही लिहिले गेले तर त्याचे वाईट वाटून घेऊ नये. म्यू सात वर्षे त्याच रकान्यात होता.

आणि एखादे मूल कष्टाने बंदरापर्यंत जाऊन, ट्रक ढकलून, ‘सर, काही झाले नाही’ असे सांगत परत आले, तर त्याचे म्हणणे फळ्यावर लिहावे. सगळ्या वर्गाच्या वतीने प्रयोग त्या एकट्यानेच केलेला असतो.